बछड्यांचे छायाचित्र

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे गाव गजानन महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. गावाभोवती पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, सपाट जमीन पसरलेली आहे. तीत कपाशी, ज्वारी आणि सोयाबीन डोलत असते. या उघड्या माळरानात उभे राहून वाघाचे नाव काढले, तर ऐकणाऱ्याला हसू यावे. परंतु उत्तरेकडे नजर टाकली म्हणजे सातपुड्याची निळसर रांग दिसते. तिच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे आणि ते मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचाच एक भाग आहे. दक्षिणेस खामगाव ओलांडून पुढे गेले की अजिंठ्याच्या डोंगरात ज्ञानगंगा अभयारण्य लागते. तेथे बिबटे आहेत, अस्वले आहेत. आणि एकदा तेथे एक वाघही फार दुरून चालत आला होता. त्याची हकीकत पुढे येईल.

रान इतके जवळ असले, तरी रानातील वाघिणीचे बछडे दृष्टीस पडणे हे महाभाग्यच म्हणावे लागेल. वाघीण आपली पिले दाट जाळीत किंवा कपारीत लपवून ठेवते आणि धोक्याची चाहूल लागताच जागा बदलते. त्यांचे छायाचित्र घेण्याच्या हौसेने कोणी तेथवर गेलाच, तर त्याच्या जिवाला धोका आणि पिलांच्या जिवालाही धोका. म्हणून ज्याला बछड्यांचे छायाचित्र घ्यायचे असेल, त्याने प्राणिसंग्रहालयाची वाट धरावी, हेच शहाणपणाचे. शेगावात प्राणिसंग्रहालय नाही. मात्र आगगाडीने नागपूरला गेले, तर तेथे 1894 साली स्थापन झालेले महाराजबाग प्राणिसंग्रहालय आहे, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्याची व्यवस्था पाहते. घाट चढून दक्षिणेकडे गेले, तर छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान लागते. वाघांच्या जन्मासाठी या उद्यानाचे नाव विशेष घेतले जाते. 25 डिसेंबर 2020 रोजी येथील समृद्धी नावाच्या वाघिणीने एकाच वेळी पाच बछड्यांना जन्म दिला. वाघिणीला बहुधा दोन ते चार पिले होतात. तेव्हा पाच ही संख्या कौतुकाचीच होय. याच उद्यानातून फेब्रुवारी 2020 मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात गेली. त्यांच्या पोटी 14 नोव्हेंबर 2021 रोजी, म्हणजे बालदिनीच, एक कन्या जन्मली. तिचे नाव वीरा ठेवण्यात आले.

वाघाचा बछडा जन्मतो तेव्हा त्याचे वजन जेमतेम एक किलोच्या आसपास असते. त्याचे डोळे मिटलेले असतात. एक-दोन आठवड्यांत ते उघडतात, तेव्हा बुबुळे निळसर दिसतात. मोठेपणीचा तो पिवळा, जळजळीत रंग नंतर येतो. पहिले काही आठवडे बछड्याला दोनच गोष्टी कळतात : आईची ऊब आणि आईचे दूध. या काळात छायाचित्रकाराने काय करावे? काहीही करू नये. हे उत्तर अनेकांना आवडत नाही. वर्तमानपत्रांना चित्र हवे असते, नगरवासीयांना उत्सुकता असते. दोन दिवसांच्या पिलाचे चित्र पाहण्यात जो आनंद आहे तो दोन महिन्यांच्या पिलात नाही, असेही कोणी म्हणतात. परंतु वाघिणीचे मन त्या दिवसांत विलक्षण हळवे झालेले असते. अनोळखी माणूस, अनोळखी वास, लखकन चमकणारा प्रकाश यांनी ती बिथरते. मग ती पिलाच्या मानेचे कातडे दातांत धरून त्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊ लागते. रानात असती, तर तिने त्याला दूरच्या जाळीत नेऊन लपवले असते. खोलीला मात्र चारच कोपरे. पुन्हा पुन्हा उचलल्याने पिलाला दुखापत होते. कधी कधी आई दूध पाजणेही सोडते. प्राणिसंग्रहालयांत अशी कोवळी पिले दगावण्याची ही एक कारणमीमांसा आहे.

यासाठी बाळंतीण वाघिणीला शांत व काळोख्या खोलीत ठेवतात. तिच्या रोजच्या ओळखीचा रखवालदार तेवढा अन्नपाणी घेऊन जातो. खोलीच्या छताजवळ एक लहान कॅमेरा बसवलेला असतो आणि दूरच्या कचेरीत पडद्यावर पशुवैद्य पाहत बसतात. आई पिलांना चाटते आहे ना? सर्व पिले स्तनांपर्यंत पोहोचतात ना? एखादे अशक्त पिलू बाजूला तर पडले नाही ना? त्या कॅमेऱ्यातून येणारी चित्रे करडी आणि धूसर असतात. कोणत्याही प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळणार नाही. तरीही बछड्यांची सर्वांत मोलाची चित्रे तीच होत. कारण ती निघाली हे वाघिणीला कधी कळलेच नाही.

पिले अडीच-तीन महिन्यांची झाली, त्यांना रोगप्रतिबंधक लसी टोचून झाल्या, म्हणजे त्यांना आईबरोबर मोकळ्या आवारात सोडतात. येथून छायाचित्रकाराचे काम सुरू होते. आवाराभोवती लोखंडी जाळी असते आणि जाळीच्या बरेच अलीकडे कठडा असतो. कठडा ओलांडायचा नाही, हा पहिला नियम. मग ती जाळी चित्रात येऊ नये, म्हणून काय करावे? यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एक पेन्सिल डोळ्याच्या अगदी जवळ धरून दूरच्या झाडाकडे पाहावे. झाड स्पष्ट दिसते आणि पेन्सिल जणू विरघळून जाते. कॅमेऱ्याचेही असेच आहे. दूरचे टिपणारे लांब भिंग घेतले, भिंगाचे छिद्र शक्य तेवढे मोठे उघडले आणि बछडा जाळीपासून बराच आत असताना चित्र घेतले, तर मधली जाळी इतकी अस्पष्ट होते की ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. बछडा जाळीला खेटून बसला असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा तो आत जाईपर्यंत थांबावे. उन्हात जाळीची सावली पिलाच्या अंगावर पडते आणि मूळचे पट्टे कोणते व सावलीचे कोणते, हा घोळ होतो. म्हणून सावलीतील जागा पाहून ठेवणे बरे.

काही ठिकाणी जाळीऐवजी जाड काच असते. मुंबईच्या उद्यानात वाघ काचेतूनच पाहावे लागतात. काचेची अडचण निराळी. रात्री घरात दिवा लावून खिडकीच्या तावदानातून बाहेर पाहिले, की अंगण दिसत नाही; आपलेच तोंड दिसते. प्राणिसंग्रहालयाच्या काचेतही मागची गर्दी, रंगीत कपडे आणि छायाचित्रकाराचा स्वतःचा चेहरा उमटतो. त्यावर उपाय असा, की अंगावर गडद रंगाचे कपडे घालावेत, कॅमेऱ्याचे तोंड काचेला हलकेच टेकवावे आणि भोवती काळे कापड धरावे. फ्लॅशचा दिवा येथे लावूच नये. काचेवरून तो प्रकाश उलटून चित्रात पांढरा डाग पडतो, हे त्याचे एक कारण. पिलांच्या डोळ्यांना व आईच्या मनाला त्याचा त्रास होतो, हे दुसरे व अधिक महत्त्वाचे.

बछडे क्षणभर स्थिर राहत नाहीत. एक दुसऱ्याच्या शेपटीवर झेपावतो, दुसरा उलटून पडतो, तिसरा आईच्या पाठीवर चढू पाहतो. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढ्या वेळात चित्र घेतले, तरच ती झेप हवेत थांबलेली दिसते. पूर्वी एका रिळात 36 चित्रे निघत; तेव्हा प्रत्येक चित्र विचार करून घ्यावे लागे. आता शेकडो चित्रे घेता येतात आणि त्यांपैकी चार-दोन उपयोगी पडली तरी समाधान मानतात. यंत्र बदलले, पण वाट पाहणे सुटले नाही. मांजरकुळातील प्राणी दिवसाचा पुष्कळ काळ झोपेत घालवतात. दुपारी बारा वाजता कठड्याशी येऊन, निजलेल्या पिलांना पाहून कंटाळून जाणारे लोक पुष्कळ. सकाळी दार उघडताच येऊन, खाली मांडी घालून, पिलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून बसणारा एखादाच. उभ्याने घेतलेल्या चित्रात पिलाची पाठ तेवढी दिसते. बसून घेतलेल्या चित्रात ते आपल्याकडे पाहते.

चांगला छायाचित्रकार पिलांइतकेच आईकडेही पाहत असतो. वाघिणीचे कान ताठ व पुढे वळलेले असतील, तर ती नुसती सावध आहे. कान मागे चपटे झाले, शेपटीचे टोक झटके देऊ लागले आणि ओठ आक्रसले, म्हणजे तिने सांगितले की आता पुरे. अशा वेळी कॅमेरा खाली करून दोन पावले मागे सरणे हेच उचित. वाघाच्या कानांची मागची बाजू काळी असते आणि तिच्यावर एक ठळक पांढरा ठिपका असतो. आई पुढे चालत असता मागून येणाऱ्या बछड्यांना उंच गवतात या ठिपक्यांचा माग काढणे सोपे जात असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. बछड्यांच्या कानांवरही हे ठिपके असतात. चेहऱ्याच्या मोहात पडणाऱ्यांच्या चित्रांत ते सापडत नाहीत.

गर्दीच्या दिवशी मात्र हे सारे अवघड होते. कोणी शिट्या घालतो, कोणी जाळीवर काठी आपटतो, तर कोणी पिलाने इकडे पाहावे म्हणून खडा भिरकावतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, आरडाओरडा करून त्रास देणे किंवा खायला घालणे हा अपराध आहे. दचकलेल्या पिलाचे चित्र ओळखू येते : डोळे विस्फारलेले, अंग चोरलेले, कान पडलेले. ते घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, हीच खेदाची गोष्ट.

प्राणिसंग्रहालयाच्या कठड्याशी शिकलेला हा संयम बाहेरही उपयोगी पडतो. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत उसाचे मोठे पट्टे आहेत. उंच, दाट ऊस बिबट्याच्या मादीला जंगलासारखाच वाटतो आणि ती त्यातच विते. हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की कोयत्यासमोर अकस्मात दोन-तीन ठिपकेदार पिले येतात. बातमी पसरते, गाव गोळा होते. पूर्वीपासून लोकांचा असा समज आहे, की माणसाचा हात लागलेल्या पिलाला आई पुन्हा जवळ घेत नाही. त्यामुळे पिले उचलून नेली जात आणि त्यांचे पुढले सारे आयुष्य पिंजऱ्यात जाई. आईही पिलांच्या शोधात त्या शिवारात रात्री-बेरात्री फिरत राही. शेजारच्या वस्तीवरील माणसांनाही त्यामुळे भीती असे.

जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. तेथील पशुवैद्य आणि वनखात्याचे कर्मचारी यांनी निराळी रीत पाडली. पिले सापडली की त्यांची तपासणी करायची. मग दिवस मावळताना, ज्या शेतात ती मिळाली त्याच शेतात, एका खोक्यात ती परत ठेवायची. गावकऱ्यांना घरी पाठवायचे आणि खोक्याच्या आजूबाजूला आपोआप चित्र घेणारे कॅमेरे बांधून माणसांनी दूर निघून जायचे. रात्र चढते. कॅमेऱ्यापुढे काही हलले की तो स्वतःच चित्र टिपतो. सकाळी ती चित्रे पाहताना सर्वांचा श्वास रोखलेला असतो. पहिल्या चित्रात नुसता काळोख आणि खोके. मग उसाच्या कडेला दोन चमकते डोळे. मग खोक्यावर वाकलेली मादी. आणि अखेरीस, मानेला धरलेले पिलू तोंडात घेऊन अंधारात शिरणारी तिची पाठमोरी आकृती. राहिलेले पिलू नेण्यासाठी ती पुन्हा येते. माणसांनी हाताळलेली पिले आईने परत नेली, असे अनेकदा घडले. जुना समज या चित्रांनी खोटा ठरवला, तोही कोणाशी वाद न घालता. प्रत्येक वेळी आई येतेच असे नाही. कधी दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही खोके ठेवावे लागते.

उसात सापडणारे प्रत्येक ठिपकेदार पिलू बिबट्याचेच असते, असेही नाही. पुष्कळदा ते वाघाटीचे निघते. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. ती भारत, नेपाळ व श्रीलंका एवढ्याच देशांत आढळते. पूर्ण वाढलेली वाघाटी दीड किलोच्या वर क्वचितच जाते. म्हणजे ती घरच्या मांजरीहूनही लहान. तिचे पिलू तर तळहातावर मावेल. कपाळावरच्या पांढऱ्या रेघा, अंगावर ओळीने आलेले बारीक ठिपके आणि आखूडशी शेपटी या तिच्या खुणा होत. बिबट्याच्या पिलाचे पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात आणि शेपटी लांब व ठिपक्यांची असते. बाऊल नावाच्या रानमांजराची पिले आणखी निराळी. लहानपणी त्यांच्या अंगावर पट्टे दिसतात आणि वाढत्या वयात ते पुसट होतात. शेताच्या बांधावरून घेतलेले एक स्वच्छ छायाचित्र जाणकाराकडे पाठवले, तर ओळख पटते आणि विनाकारण उडालेला गोंधळ शमतो. मात्र ते बांधावरून घेतलेले हवे. पिलू मांडीवर घेऊन, चार मित्रांना शेजारी उभे करून घेतलेले चित्र त्या पिलाच्या काही कामाचे नाही. तेवढ्या वेळात आई दूर ताटकळत असते.

आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची कल्पना नवी नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश चमके आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढी. 1927 साली त्याने आपल्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. शिकारीचा तो काळ. बंदुकीऐवजी कॅमेरा हाती धरणारा माणूस अनेकांना विक्षिप्त वाटला असेल. पुढे 1990 च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी अशाच कॅमेऱ्यांनी वाघांची गणना करण्याची पद्धत रूढ केली. तिचा आधार एकच होता : कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. माणसाच्या बोटांचे ठसे जसे, तसे वाघाचे पट्टे. ते जन्मतःच अंगावर असतात. बछडा वाढतो तसे ते ताणले जातात, रुंदावतात, पण त्यांची मांडणी तीच राहते.

याचा प्रत्यय बुलढाण्याच्या परिसरालाही आला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात टी-1 या वाघिणीला 2016 साली पिले झाली. त्यांतील पहिल्याला टी-1-सी-1 असे नाव मिळाले. 2019 च्या आरंभी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधण्यात आली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो घर सोडून निघाला. स्वतःचा मुलूख शोधीत तो तेलंगणात गेला, पुन्हा महाराष्ट्रात आला. शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, बहुधा रात्रीच चालत, 1300 किलोमीटरहून अधिक अंतर तोडून वर्षाअखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. खामगाव-शेगावच्या लोकांनी वर्तमानपत्रांत त्याचे चित्र पाहिले, तेव्हा त्यांना किती नवल वाटले असेल! एप्रिल 2020 मध्ये त्याची कॉलर काढण्यात आली. तोवर त्याची एकूण वाटचाल सुमारे 3000 किलोमीटर भरली होती. इतके चालूनही ज्या जोडीदारणीच्या शोधात तो निघाला असावा, ती वाघीण त्याला ज्ञानगंगेत मिळाली नाही. तेथे दुसरा वाघच नव्हता.

त्याची वाट कॉलरमुळे कळली. दुसऱ्या एका वाघाच्या गळ्यात काहीच नव्हते. मार्च 2021 मध्ये गौताळा औट्रम घाट अभयारण्यातील कॅमेऱ्यापुढून एक वाघ गेला. हे अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. हा वाघ कोठला, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे असलेल्या जुन्या छायाचित्रांशी त्याचे पट्टे ताडून पाहण्यात आले. तो टिपेश्वरचाच निघाला. टी-3 या वाघिणीचे ते पहिले पिलू, टी-3-सी-1. टिपेश्वरच्या रानात कधी काळी एका कॅमेऱ्याने त्याची कूस टिपून ठेवली होती, म्हणून इतक्या दूर आलेल्या वाघाचे घर ओळखता आले.

वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकाच बाजूचे चित्र हाती असेल आणि वाघ पुढे दुसऱ्या बाजूने दिसला, तर ओळख पटत नाही. म्हणून वनरक्षक जंगलातील वाटेच्या दोन्ही कडांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात आणि मधून जाणाऱ्या वाघाच्या दोन्ही कुशी एकाच वेळी टिपतात. प्राणिसंग्रहालयात कठड्याशी बसलेल्याला हे एकट्यालाच करावे लागते. बछडा डावी बाजू दाखवून निजला असेल, तर तो उठून कूस पालटेपर्यंत थांबायचे.